कुदळ लावायच्या आधी

गुरुवार, ११ फेब्रुवारी १९९३

दादा,

बाबा मंगळवारी सकाळी गेले. आज दुपारी मूठमाती दिली. फादर आले होते, मिस्सा झाली. बुकोबाच्या छावणीतून एक कॅप्टन आणि चार शिपाई आले. शवपेटीवर झेंडा घातला आणि नंतर घडी करून आईच्या हातात दिला. माणसं खूप होती, कॉफीच्या झाडांपर्यंत उभी होती. आता घरात गवत अंथरलं आहे आणि बायका त्यावर बसल्या आहेत. आईने दोन दिवसांनी आज थोडा चहा घेतला.

नोव्हातुसकाकांनी तुझ्या मासळीच्या कारखान्यावर तार केली होती. ती मिळाली की नाही कळत नाही, म्हणून हे पत्र क्लेओफासच्या हाती देते. तो बोटीवर कामाला आहे, उद्या म्वांझाला पोचेल. मी तुला दिवसकार्याला बोलावते आहे असं काकांना वाटतं. पण मला दुसरंच विचारायचं आहे.

आपण दोघं याबद्दल कधी बोललो नाही. तेव्हा मला काय माहीत आहे ते आधी लिहिते.

कंपालाच्या युद्धाच्या वर्षी आपण नदीपलीकडे पळालो होतो तिथून घरी परत आलो, त्याच आठवड्यात फिडेलियाचा जन्म झाला. आई तापाने फणफणली होती आणि कुणाला ओळखत नव्हती. एका सकाळी बाबा दारात उभे राहिले. खरं म्हणजे ते सैन्याबरोबर उत्तरेला असायला हवे होते. आई जगते की नाही ते बघायला कुणालाही न विचारता ते दोन दिवस निघून आले होते, हे मला फार पुढे समजलं. केळ्यांच्या दारूची आपली लाकडी डोणी होती ना, तिच्याजवळ एक न फुटलेला तोफगोळा जमिनीत रुतला होता. त्याच्या शेपटीला पत्र्याचे पंख होते. दुपारी बाबा गवताने झाकलेली टोपली दोन्ही हातांनी पोटाशी धरून निघाले, झोपलेलं मूल उचलावं तशी. तू मागे होतास, खांद्यावर पोतं होतं. तुम्ही खालच्या बागेत गेलात आणि रिकाम्या टोपलीने परत आलात. मी उंबऱ्यावर केळी सोलत होते. बाबा म्हणाले, "एमिलियाना, तू काही पाहिलं नाहीस." मी म्हटलं, "नाही पाहिलं."

त्यांनी तेव्हाच का सांगितलं नाही हे मला समजतं. सांगितलं असतं तर पहिला प्रश्न आला असता की सार्जंट, तू त्या दिवशी घरी काय करत होतास? आणि लढाई संपल्यावर सांगायचं तर इतके महिने गप्प का बसलास? दर वर्षी ते आणखी अवघड होत गेलं असणार.

बाबा गेल्यावर गावाने कबर खणायला घेतली तेव्हा मी पुढे जाऊन उभी राहिले. तरुण मुलं खालच्या बागेत जागा बघत होती, तिथली माती मऊ आहे म्हणून. मी म्हटलं, आजोबांशेजारीच हवी. तिथे दगड आहे, मुलं कुरकुरली. मी हलले नाही. वरच्या बागेत काही नाही हे मला माहीत होतं, तरी प्रत्येक घावाला माझे डोळे मिटत होते. बायका म्हणाल्या, पोरीचा बापावर जीव होता, तिला बघवत नाही.

कॅप्टन भाषणात म्हणाला, "सार्जंट बिटेगेको यांनी आपली जागा कधी सोडली नाही." मी जमिनीकडे बघत होते.

रविवारी सुतक फिटेल. आपली रीत तुला आठवत असेल. सुतक आहे तोवर वाडीत कुणी जमिनीला कुदळ लावायची नाही. ते फिटलं की मोठ्या मुलाने पहिला घाव घालायचा आणि मग सगळ्या वाडीने कुदळी घेऊन गेलेल्या माणसाची बाग एका दिवसात खणून द्यायची. चाळीसेक कुदळी येतील. घेवडा पेरायचे दिवस आहेत आणि खालची बाग मोकळी आहे. सगळे तिथूनच सुरुवात करतील.

तो गोळा कुठे पुरला ते मला कळव. तू आलास तर चांगलंच. नाही आलास तर जागा तरी कळव.

एमिलियाना


सोमवार, १५ फेब्रुवारी

दादा,

क्लेओफास काल परत आला. पत्र तुझ्या हातात दिलं म्हणाला. उत्तर दिलं का विचारलं तर म्हणाला, "वाचलं, खिशात घातलं आणि पुन्हा मासे कापायला लागला."

काल सुतक फिटलं नाही. मी फिटू दिलं नाही. सगळे भाऊबंद अंगणात बसले होते. सुकवलेल्या कॉफीच्या बिया चघळायला दिल्या होत्या. काकांनी कुदळ धुऊन आणली होती. मी उभी राहिले आणि म्हणाले, "दादा आल्याशिवाय पहिला घाव घालायचा नाही. बाबांची तशी इच्छा होती."

काका म्हणाले, "इच्छा? आठ वर्षं ज्याचं नाव घेतलं नाही त्याच्यासाठी मरताना इच्छा?"

"मला सांगितलं होतं त्यांनी."

"तुला! आणि मला नाही? मी काय त्याच्या शेळ्या राखायला होतो?"

शेजारच्या मा लिओकादिया गवतावरूनच ओरडल्या, "अहो नोव्हातुस, राहू द्या की! बापासाठी बसतेय पोर. तुमच्या मुली बसणार आहेत का तुमच्यासाठी? तुमचं सुतक तर जेवणं व्हायच्या आत फिटेल."

सगळे हसले. काकाही हसले, पण कुदळ परत नेताना माझ्याकडे बघितलं नाही. या आठवड्यापुरती मुदत मिळाली.

मी खोटं बोलले. बाबांनी अशी इच्छा सांगितली नव्हती. शेवटचे दिवस ते फार बोललेच नाहीत. एकदा म्हणाले, "खाली कोणी गेलं का?" मी म्हटलं, "कोणी नाही." तेवढं ऐकून झोपले.

काकांचं एक चुकतं आहे. बाबा तुझं नाव घेत होते. जेवायच्या आधी ते आपली हजेरी घ्यायचे ते तुला आठवतं? छावणीतल्यासारखं. "प्रोजेस्टस?" "हजर." "एमिलियाना?" "हजर." तू गेल्यावरही ते पहिलं तुझंच नाव घ्यायचे, थोडं थांबायचे, आणि मग माझं. आम्ही तिघी ताटाकडे बघत बसायचो. पाहुणे असले की हजेरी नसायची. म्हणून काकांना माहीत नाही.

सुतक लांबवल्यामुळे लोक मला फार गुणी मुलगी समजतात. मी शिकवते त्या शाळेत हेडमास्तरांनी मुलांना सांगितलं की बाईंकडून शिका. मी फळा पुसायला वळले. वाडीतल्या कुणालाच स्वतःच्या बागेत कुदळ लावता येत नाही, बी घरात पडून आहे. हे कौतुक फार दिवस टिकणार नाही.

आज दुपारी शाळेतून आले तर खालच्या बागेतून ठक ठक आवाज येत होता. फिडेलिया शेळीसाठी खुंटी ठोकत होती. हातात दगड होता. मी किती जोरात ओरडले ते मला ठाऊक नाही, पण मा लिओकादिया त्यांच्या अंगणातून धावत आल्या. फिडेलिया दगड टाकून रडायला लागली.

"काय झालं ताई? काय केलं मी?"

"साप," मी म्हटलं. "साप होता."

"कुठे?"

"गेला."

मा लिओकादिया काठी घेऊन साप शोधायला लागल्या. पालापाचोळ्यात काठी खुपसत खुपसत पुढे चालल्या होत्या. मी त्यांचा हात धरून ओढत वर आणलं. "इतका धसका घेऊ नये गं," त्या म्हणाल्या, "सापच तर आहे."

बाबांनी चौदा वर्षं हे कसं केलं? खालच्या बागेत कुणाला कुदळ घेऊन जाऊ दिलं नाही. स्वतः उकिडवे बसून हाताने तण उपटायचे, वरून गवत पसरायचे. सगळं गाव हसायचं. बायकांचं काम करतो म्हणायचे. काका तर चारचौघांत म्हणायचे, "कंपाला जिंकून आला आणि आता बायकोच्या हुकमाने गवत उपटतो." बाबाही हसायचे. म्हणायचे, "बायकोचा हुकूम मोडायचा नसतो, बाकीचे मोडले तरी चालतात."

उत्तर पाठव.

एमिलियाना


रविवार, २१ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र मिळालं. क्लेओफासने सकाळी चर्चच्या पायरीवर दिलं. मी ते चर्चच्या मागे जाऊन वाचलं.

तू लिहितोस की केळी पिकवायच्या जुन्या खड्ड्यात ठेवला. ज्याच्या सालीचं कापड काढायचे त्या झाडापासून नदीच्या बाजूला, दारूच्या केळीचं तिसरं बेट. वर माती लोटून बाबांनी एक मुनवा लावला.

मी दुपारी जाऊन पाहिलं. ते झाड तू गेल्यानंतर वादळात पडलं. बाबांनी त्याचा बुंधासुद्धा जाळून टाकला, आता ते नेमकं कुठे होतं हे आईलाही सांगता येत नाही. मी तिला सहज विचारल्यासारखं विचारलं. आणि तिसरं बेट म्हणजे कुठलं? केळ एका जागी राहत नाही हे तू शहरात विसरलास. जुनी कापायची, बाजूचा मुनवा वाढवायचा, पुढच्या वर्षी त्याच्या बाजूचा. चौदा वर्षांत बेटं चालत चालत कुठल्या कुठे गेली आहेत. तू सांगतोस तिथे आता रताळ्याचे वेल आहेत. मी बेटाबेटामधून चालत होते. पाऊल टाकायच्या आधी पालापाचोळा पायाच्या बोटांनी बाजूला करत होते, जसं काही त्याने उपयोग होणार होता. मग मध्येच उभी राहिले. पुढेही जाता येईना, मागेही येता येईना. फिडेलिया वरून विचारत होती, "ताई, पुन्हा साप?"

तू लिहितोस, सैन्याला कळव, पण बाबा दोन दिवस आले होते ते सांगू नकोस. म्हण, मुलीला खेळताना सापडला. दादा, सापडला म्हटलं तर ते विचारतील, दाखवा कुठे आहे. आणि मी काय दाखवू? तो शोधायचा तर तो पुरला आहे, कुणीतरी हाताने पुरला आहे, हे सांगावं लागणार. मग कुणी, कधी, हेही आलं.

मला कशाची जास्त भीती वाटते हेच मला ठरवता येत नाही. रात्रंदिवस त्या चाळीस कुदळी दिसतात. आणि दुसरीकडे ते शिपाई, आईच्या पेटीत ठेवलेला झेंडा परत मागायला आलेले दिसतात. लढाईतून पळालेल्या माणसाला काय म्हणतात ते आपल्या भाषेत एका शब्दात म्हणतात आणि तो शब्द मुलांच्याही मागे लागतो. फिडेलियाचं अजून सगळं व्हायचं आहे.

तू येणार नाहीस असं लिहिलंस. "त्याने मला पाहुण्यांसमोर मारलं." हो. मीही तिथे होते. तुझ्या होणाऱ्या सासरची माणसं घर कुठे बांधणार ते बघायला आली होती आणि तू खालच्या बागेकडे बोट दाखवून म्हणालास, "तिथे का नको ते यांनाच विचारा, काय पेरलंय तिथे." बाबांनी हात उचलला. मुलीकडची माणसं कॉफीच्या बिया तशाच टाकून उठून गेली. त्या दिवशी तुझं बरोबर होतं, काढून टाका म्हणत होतास. मला आज वाटतं की बाबांनी तुला रागाने मारलं नाही. ते भ्याले होते. मारून झाल्यावर त्यांचे ओठ पांढरे पडले होते. तू बघितलं नाहीस, तू निघून गेला होतास.

काका आज म्हणाले, "गुरुवार. यापुढे एक दिवस नाही. मेलेल्यासाठी जिवंत माणसांनी उपाशी राहायचं का?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मा लिओकादियांनीही.

एमिलियाना


राखेचा बुधवार, २४ फेब्रुवारी

दादा,

मी काकांना सांगितलं.

चर्चमधून परत येत होतो. कपाळावर राख होती. काका पुढे चालले होते, उद्या कोण कुठून खणायला घेणार याची मोठ्याने वाटणी करत होते. मी म्हटलं, "काका, जरा थांबा." इतरांना पुढे जाऊ दिलं.

"पुन्हा इच्छा सांगितली का भावाने माझ्या? आता स्वर्गातून सांगतो वाटतं?"

मी म्हटलं, "काका, बाबा युद्धातून पळून घरी आले होते."

"कधी?"

"फिडेलिया झाली तेव्हा. दोन दिवस."

"बरं. मग?"

मला वाटलं त्यांनी ऐकलंच नाही. मी पुन्हा सांगितलं. त्यावर ते म्हणाले, "अगं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. लिओकादियाने त्याला पेज दिली. जाताना मी नदीपर्यंत सोडायला गेलो. गणवेश झाकायला माझा शर्ट घालून गेला, तो काही परत मिळाला नाही मला."

"तुम्ही कुणी कधी बोलला नाहीत."

"काय बोलायचं? बायको मरायला टेकली होती. आला नसता तर बोललो असतो."

मी रस्त्यातच उभी होते. चौदा वर्षं बाबा जे लपवत होते ते सगळ्या वाडीला माहीत होतं आणि वाडी ते त्यांच्यापासून लपवत होती. मग मी टोपलीचं सांगितलं.

काकांचा चेहरा मी आधी कधी असा पाहिला नव्हता. "कुठे?"

"खालच्या बागेत. कुठे ते नक्की माहीत नाही. दादालाही सांगता येत नाही."

ते रस्त्याच्या कडेला गवतात खाली बसले. "कुंपण घातलं मी तिथे," ते म्हणाले. "माझ्या थोरलीचं लग्न होतं त्या वर्षी. पहारीने खड्डे घेतले. तो माझ्यामागे उभा. म्हणाला, नोव्हातुस, थोडं अलीकडे घे, अजून अलीकडे घे. मला वाटलं माझ्या हिश्शातली वीतभर जमीन खातोय. तीन महिने बोललो नाही मी त्याच्याशी."

मग एकदम ओरडायला लागले. "गाढव! गाढव होता तुझा बाप! मला सांगायला काय झालं होतं? भाऊ ना मी? गाढव!" ओरडता ओरडता रडत होते, राख नाकावर ओघळली होती. येणारेजाणारे थांबून बघत होते आणि त्यांना वाटत होतं की शोक चालला आहे.

गुरुवारच्या कुदळी रद्द झाल्या. काकांनी घरोघर जाऊन सांगितलं. खरं कारण सांगितलं. तिन्हीसांजेपर्यंत खालच्या बागेच्या रस्त्यावरून कुणी चालत नव्हतं, सगळे चर्चकडून वळसा घालून जात होते. मा लिओकादिया दारात आल्या, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "साप होता म्हणे!" आणि मटकन बसल्या.

आईला मी सांगितलं. ती म्हणाली, "म्हणून मला कधी तिकडे जाऊ दिलं नाही. मला वाटायचं, दुखण्यानंतर मी दमते म्हणून."

उद्या काका आणि मी छावणीत जाणार आहोत. मला फार भीती वाटते आहे.

एमिलियाना


मंगळवार, २ मार्च

दादा,

आज सैन्याची माणसं आली. तोच कॅप्टन होता. सगळ्या वाडीला चर्चच्या पटांगणात नेऊन बसवलं. घरच्यांपैकी जमीन कोण दाखवणार, असं त्याने विचारलं. काका उठायच्या आत मी उठले, कारण खुंटीची जागा मला माहीत होती आणि तुझं पत्र माझ्याकडे होतं.

मला कॉफीच्या झाडांपाशी थांबायला सांगितलं. दोन शिपाई जमिनीवरून धातू शोधायचं यंत्र हळूहळू फिरवत होते. ते वाजलं की सगळे थांबायचे. पहिल्यांदा वाजलं तेव्हा एक शिपाई पोटावर झोपून सुरीने माती उकरायला लागला. मी माळेचे मणी मोजत नव्हते, नुसती माळ घट्ट धरली होती. बराच वेळ गेला. मग तो हसला आणि काहीतरी वर धरलं. दुधाच्या पावडरीचा डबा होता, गंजून चाळण झालेला. मग आणखी दोन निघाले. त्यांच्यावर एक कुजलेल्या पोत्याचा तुकडा होता.

"कचऱ्याचा खड्डा आहे हा," तो म्हणाला.

कॅप्टन म्हणाला, "हसू नकोस. पुढे बघ."

डब्यांच्या पलीकडे, हातभर अंतरावर, गोळा होता. पण खोल नव्हता, दादा. केळीच्या कंदाने तो वर्षावर्षाला वर ढकलला होता. वर वीतभरसुद्धा माती नव्हती. फिडेलियाच्या शेळीची खुंटी तिथून दिसत होती. मी तिथेच खाली बसले. एक शिपाई पाणी घेऊन आला.

त्यांनी तो खाली दरीत नेऊन उडवला. आवाज झाला तेव्हा मी पटांगणात आईजवळ होते. जमीन हलली. चर्चच्या कौलांतून माती पडली. लहान मुलं आधी रडली आणि मग त्यांनी टाळ्या वाजवल्या. जे त्या बागेतून पायवाटेने जात असत ते एकमेकांकडे बघत होते.

मग कॅप्टनने मला बाजूला बोलावलं. "छावणीत तुम्ही सांगितलंत ते सगळं खरं?"

"हो."

"हाताने नेला? टोपलीत?"

"गवतावर ठेवून."

त्याने टोपी काढून तिच्यावरची माती झटकली. मला वाटलं आता झेंड्याचं विचारेल. मी आईच्या पेटीची किल्ली बरोबर आणली होती, मागितला तर आईला न कळता द्यावा म्हणून. तो म्हणाला, "मेलेल्या माणसाची हजेरी आम्ही घेत नाही, बाई." आणि टोपी घातली. जाताना मी विचारलं, आता जमीन साफ आहे ना? तो म्हणाला, "यंत्राला सापडलं तेवढं काढलं. जमिनीच्या वतीने शब्द देणं माझं काम नाही."

ते गंजलेले डबे काकांनी घरी आणले. आईने एक हातात घेतला, उलटा केला, वास घेतला. तापात मला दूध आलंच नाही, ती म्हणाली. फिडेलिया रडायचीही बंद झाली होती. बाबांनी छावणीतून डबे आणले, स्वतः पाण्यात कालवून कापडाच्या बोळ्याने तिला पाजलं. आईला वाटायचं ते तापातलं स्वप्न होतं. त्यांना विचारलं तर म्हणाले, हो, स्वप्नच होतं. सैन्याचे डबे घरात दिसायला नकोत म्हणून पोत्यात तू तेच नेलेस ना? मला इतकी वर्षं वाटत होतं की पोत्यात आणखी एक गोळा होता. तेवढं एका ओळीत कळव, की पोत्यात फक्त डबे होते. मी कुणाला दाखवणार नाही. मला स्वतःला वाचायचं आहे.

एमिलियाना


शुक्रवार, ५ मार्च

दादा,

क्लेओफास आला पण तुझी ओळ आली नाही. बोट लवकर सुटली म्हणाला. असेल.

आज सुतक फिटलं. कुदळी चाळीसच्या वर आल्या. सगळे कॉफीच्या झाडांपर्यंत आले आणि तिथे थांबले. काकांनी कुदळ धुतली होती.

कुणीतरी म्हणालं, "चला नोव्हातुस, भाऊ तुम्ही."

"भाऊ मी आहेच," काका म्हणाले, "पण पहिला घाव मुलाचा. रीत आहे."

"मुलगा म्वांझाला मासे कापतोय."

"मग थांबू की त्याच्यासाठी. घाई काय आहे?"

"आठ दिवसांपूर्वी तर तुम्ही उपाशी मरत होतात!" मा लिओकादिया म्हणाल्या. लोक हसले, पण पाय कुणाचे हलले नाहीत. मुलांना आयांनी धरून ठेवलं होतं. एवढे बापे, आणि एकमेकांच्या खांद्यावरून त्या मोकळ्या जमिनीकडे बघत होते.

मी काकांच्या हातातून कुदळ घेतली. आपल्यात मुलीने पहिला घाव घातल्याचं मी ऐकलेलं नाही. कुणी अडवलं नाही. काका हळूच म्हणाले, "पोरी, सावकाश." मी पुढे चालत गेले आणि मागे पावलांचा आवाज ऐकला. वाटलं सोबत येत आहेत. वळून बघितलं तर सगळे रस्त्यापर्यंत मागे सरकले होते. फिडेलियाला आईने पदराआड धरलं होतं.

मला फार भीती वाटली, दादा. हात वर गेला आणि खाली येईना. मग आला. माती मऊ होती. काही झालं नाही. दुसरा घातला. काही झालं नाही.

रस्त्यावरून बायकांनी जीभ हलवत आनंदाची आरोळी दिली. मला वाटलं, आता येतील. पण पहिला घाव पडला म्हणजे सुतक फिटलं, प्रत्येकाला आपापल्या बागेत कुदळ लावायची मोकळीक झाली. "घेवड्याला उशीर झालाय गं," म्हणत एकेक पांगले. मला राग आला नाही. काका शेवटपर्यंत उभे होते, मग त्यांनाही काहीतरी काम आठवलं. जाताना म्हणाले, तू आला नाहीस, तुझा मान बहिणीला घ्यावा लागला, म्हणून तू दंडाची एक शेळी द्यावीस. आलास तर आण.

हे मी खालच्या बागेतच बसून लिहिते आहे. घेवड्याच्या चार ओळी झाल्या. भीती गेली असं मला लिहिता येणार नाही. प्रत्येक घावाआधी ती येते आणि घावानंतर थोडी सरते, मग पुढचा घाव. तुझी ओळ येईल तेव्हा येईल, पेरणीचे दिवस तोवर थांबणार नाहीत. उन्हं कलली आहेत आणि आई वरून जेवायला हाक मारते आहे. तिला सांगितलं, पाचवी ओळ अर्धी आहे.

ती पुरी करते.

एमिलियाना